विजयदुर्गचा तुळाजी आंग्रे

पनवेल मागे टाकून पळस्पे फाट्यावर आले की रस्ता दोन दिशांना फुटतो. एक वाट खोपोलीवरून बोरघाट चढत पुण्याकडे जाते. दुसरी कर्नाळ्याच्या सुळक्याखालून पेण, वडखळ गाठते आणि तेथून अलिबागला, नाहीतर थेट तळकोकणात उतरते. अठराव्या शतकात पहिल्या वाटेच्या टोकाला पेशवे होते आणि दुसरीच्या टोकाला आंग्रे. दोघेही सातारच्या छत्रपतींचे चाकर म्हणवीत आणि दोघेही आपापल्या मुलखात राजासारखे वागत. या दोन घरांचे जोवर जमले, तोवर कोकणच्या किनाऱ्यावर कोणाही युरोपीय सत्तेचे फारसे चालले नाही. ते बिनसले आणि त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागली.

पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला. १ जानेवारी १९८१ रोजी त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तरी जुन्या कागदपत्रांत, जुन्या माणसांच्या बोलण्यात कुलाबा अजून भेटतो. अलिबागसमोर समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्याचे हे नाव. तो किल्ला आंग्र्यांची राजधानी आणि त्याभोवतीचा मुलूख त्यांचे राज्य. हे राज्य इंग्रजांनी १८४० मध्ये एका हुकुमाने खालसा केले, तेव्हा तोफेचा एकही गोळा उडवावा लागला नाही. कारण त्याचे दात त्याआधी चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच, १७५६च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गच्या खाडीत पाडले गेले होते. त्या दिवशी ज्याचे सर्वस्व गेले, तो कान्होजी आंग्र्यांचा मुलगा तुळाजी. इंग्रजांनी त्याला चाचा म्हटले, पुण्याच्या दरबाराने बंडखोर म्हटले. ही दोन्ही विशेषणे त्याला इतकी घट्ट चिकटली की त्यांच्याखालचा माणूस दिसेनासा झाला.

तुळाजीची गोष्ट कान्होजींपासूनच सुरू करावी लागते. शिवाजी महाराजांनी आरमार उभे केले. पण त्यांच्यानंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि किनारा पोरका झाला. त्या धामधुमीत सुवर्णदुर्गावर तुकोजी आंग्र्यांचा हा मुलगा पुढे आला. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होऊ पाहत असता कान्होजींनी किल्ला ताब्यात घेऊन राखला, असे परंपरा सांगते. राजाराम महाराजांच्या आणि पुढे ताराबाईंच्या काळात ते सरखेल झाले, म्हणजे आरमाराचे मुख्य. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राज्यात दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूने राहिले. त्यांच्यावर चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यालाच त्यांनी पकडून ठेवले. मग १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट बोलणी करण्यास गेले. श्रीवर्धनचे हे गृहस्थ कोकण ओळखत होते आणि कान्होजींनाही. बोलण्यांतून दोघांचेही भले झाले. कान्होजी शाहूंच्या पक्षाला मिळाले. त्यांच्याकडे दहा जलदुर्ग, सोळा लहान कोट आणि सरखेलपद कायम झाले. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले. आंग्रे आणि पेशवे ही दोन घरे एकाच वर्षात, एकाच करारातून वर आली, हे पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवावे.

कान्होजींचे खरे हत्यार दस्तक हे होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताने आपला परवाना घ्यावा, तो नसेल तर गलबत जप्त, असा त्यांचा कायदा. पोर्तुगीज हेच दोनशे वर्षे करीत आले होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. मुंबईचे इंग्रजही आपले परवाने विकत. पोर्तुगिजाने परवाना मागितला तर ते राज्य आणि आंग्र्याने मागितला तर ती चाचेगिरी, हा न्याय इंग्रजी इतिहासलेखनात दीडशे-दोनशे वर्षे चालला. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची खासगी नौका कान्होजींनी धरली. त्याच झटापटीत सापडलेल्या एका इंग्रज बाईसाठी कंपनीला तीस हजार रुपये मोजावे लागले. नंतरचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर एकामागून एक मोहिमा काढल्या, सगळ्या फसल्या. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. तेव्हा बाजीराव पेशवे घाट उतरून मदतीस धावले. पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रजांना हात हलवीत परतावे लागले. १७२४ मध्ये डच येऊन गेले, तेही तसेच. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तेव्हा मुंबईपासून गोव्याच्या वेशीपर्यंत परवान्याशिवाय निर्धास्त जाईल असे जहाज क्वचितच असेल.

हे आरमार नेमके कसे लढे, ते समजून घेतल्याशिवाय तुळाजीचा उत्कर्ष कळत नाही आणि नाशही. त्यात दोन मुख्य जातींची जहाजे होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद, उथळ तळाचे जहाज. त्याची नाळ पुढे लांब निघालेली आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना दोरखंडाने ओढून नेत. युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही बगलांना असत. मागे मारा जवळजवळ नाही. त्यामुळे आंग्र्यांची जहाजे शत्रूच्या पिछाडीला येत, शिडे आणि डोलकाठ्या मोडीत आणि जहाज लुळे झाले की गलबतांतून माणसे वर चढत. पाठीवर मोठे आरमार आलेच तर उथळ खाड्यांत शिरायचे. तेथे खोल तळाच्या जहाजाला पाठलाग करता येत नसे. विजयदुर्गच्या पाठीशी वाघोटण खाडी आहे. तिच्यात गिर्ये येथे खडक खोदून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि तेथे त्याची डागडुजी करायची, अशी तिची सोय. ही सारी युद्धपद्धती सुट्या, चपळ जहाजांची होती. जहाजे एका जागी गर्दी करून बांधून ठेवली तर तिच्यातले बळच निघून जाई.

कान्होजींच्या मागे मुलगे अनेक, पण बाप एकच होता आणि तो गेला होता. थोरला सेखोजी समजूतदार निघाला. त्याने चार वर्षे घर एकत्र ठेवले. १७३३ मध्ये तो वारला आणि संभाजी व मानाजी यांच्यात कुलाब्यावरून जुंपली. मानाजीने पोर्तुगिजांची मदत घेतली. संभाजीने भावाच्या सर्व शत्रूंशी बोलणी केली. १७३५ मध्ये बाजीरावांनी तोडगा काढला: कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजीकडे, मानाजीला वजारतमाब ही नवी पदवी, संभाजीकडे सरखेलपद. भांडण मिटवण्याचा हा मार्ग होता, पण आंग्र्यांचे बळ वाटून टाकण्याचाही होता. बाजीरावांना त्यातले काय अधिक हवे होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कदाचित दोन्ही. संभाजीला ती वाटणी कधीच पटली नाही. १७४० मध्ये त्याने कुलाब्यावर चाल केली. मानाजीने पेशव्यांना आणि इंग्रजांना हाक मारली आणि दोघेही आले. संभाजीच्या बाजूने लढणारा त्याचा सावत्र भाऊ तुळाजी त्या वेळी पेशव्यांच्या फौजेच्या हाती सापडला. त्याची पेशव्यांशी ओळख झाली ती अशी, कैदी म्हणून.

१७४२च्या जानेवारीत संभाजी वारला. विजयदुर्ग तुळाजीकडे आला आणि पुढच्या वर्षी शाहू महाराजांनी त्याला सरखेलपद दिले. शाहूंच्या मनात एक जुनी सल होती. दाभोळच्या खाडीच्या मुखावरचे अंजनवेल आणि आत चिपळूणजवळचे गोवळकोट ही ठाणी सिद्दीकडे होती. १७३३ पासून बड्या बड्या सरदारांनी तेथे हात टेकले होते. तुळाजीने १७४५ मध्ये दोन्ही घेतली. अंजनवेलीचे नाव गोपाळगड झाले. दरबारातल्या मातब्बरांना जमले नाही ते या तरुण आंग्र्याने समुद्र आणि जमीन अशा दोन्ही अंगांनी घेरून साधले. शाहूंची मर्जी त्याच्यावर बसली, ती महाराजांच्या मृत्यूपर्यंत टिकली.

पुढची दहा वर्षे तुळाजीच्या वैभवाची. १७४९ मध्ये त्याने कंपनीचे रिस्टोरेशन हे लढाऊ जहाज धरले आणि आपल्या ताफ्यात सामील केले. या जहाजाचे नाव विसरू नये. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांशी त्याची लढाई झाली. त्यांतली दोन जळाली, एक हाती लागले. इंग्रज व्यापारी जहाजे आता लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यातच किनाऱ्याने जाऊ लागली आणि त्या पहाऱ्यावरचा खर्च मुंबईच्या हिशेबवह्यांत दरवर्षी फुगत गेला. विजयदुर्गच्या परिसरात मोठी जहाजे बांधण्याचे काम चालू होते. आंग्र्यांच्या घरातल्या कोणी कान्होजींच्या जवळ जाणारे काही केले असेल, तर ते तुळाजीने.

पण कान्होजींना जे कळत होते ते तुळाजीला कळले नाही. समुद्रावर चार शत्रू करायचे तर जमिनीवर एक तरी मित्र हवा. तुळाजीने जमिनीवर सगळेच शत्रू केले. दक्षिणेस वाडीचे सावंत, घाटावर कोल्हापूरकर आणि बावड्याचे अमात्य, शेजारी कुलाब्याचा भाऊ, सर्वांशी त्याच्या कटकटी होत्या. १७४८ मध्ये बावडेकरांच्या मुडागडावरून पेशव्यांच्या फौजेशी त्याची लढाई झाली आणि तो किल्ला त्याला सोडावा लागला. १७४९च्या अखेरीस शाहू महाराज वारले. राज्याचा कारभार साताऱ्याहून उठून पुण्यास नानासाहेब पेशव्यांकडे आला. तुळाजीला हे मान्य नव्हते. आपण छत्रपतींचे चाकर, पेशव्यांचे नव्हे. पेशवेपद आणि सरखेलपद बरोबरीचे, असा त्याचा मुद्दा. कागदावर तो खोटा नव्हता. त्याने सरकारची वार्षिक रक्कम भरणे थांबवले. वसुलीस आलेल्या पेशव्यांच्या माणसांची त्याने नाके कापून पाठवली, अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ती पुण्यात सांगितली गेली आणि तिच्यावर विश्वास ठेवला गेला, एवढे पुरेसे होते.

कोकणात पेशव्यांचा कारभार तेव्हा रामाजी महादेव बिवलकर पाहत. कर्तबगार माणूस, आणि तुळाजीचा पक्का वैरी. त्यांची अडचण साधी होती. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे पाण्यातले किल्ले. घाटावरून कितीही फौज आणली तरी समुद्राकडून रसद चालू राहिली की वेढा व्यर्थ. पेशव्यांकडे स्वतःचे आरमार नावालाच. मग रामाजीपंत मुंबईकडे वळले. गव्हर्नर रिचर्ड बोर्चियर याला याहून गोड निमंत्रण मिळाले नसते. १९ मार्च १७५५ रोजी करार झाला. इंग्रजांनी समुद्रावरून, मराठ्यांनी जमिनीवरून लढायचे, सापडलेली जहाजे वाटून घ्यायची, किल्ले पेशव्यांचे, इंग्रजांना बाणकोट आणि त्याजवळची काही गावे. या करारात एक कलम असे होते की समुद्रावरची सर्व हालचाल इंग्रजांच्या हुकुमाने व्हावी. रामाजीपंतांना ते कलम सोयीचे वाटले असावे. आरमार त्यांचेच, मग हुकूमही त्यांचा. त्यात काय बिघडले? पुण्यातही त्याने कोणाची झोप उडाल्याचे दिसत नाही. कान्होजींनी तीस वर्षे जे कोणाला दिले नव्हते, ते त्या एका ओळीत देऊन टाकले होते.

तीनच दिवसांनी कमोडोर विल्यम जेम्स प्रोटेक्टर हे चव्वेचाळीस तोफांचे जहाज आणि तीन लहान जहाजे घेऊन मुंबईहून निघाला. सुवर्णदुर्ग म्हणजे आंग्र्यांच्या उदयाचे स्थान. समोरच्या हर्णे किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा असे तीन किल्ले. मराठी फौज किनाऱ्यावर संथपणे वेढा घालीत राहिली, तोवर जेम्सने जहाजे किल्ल्याच्या अगदी जवळ नेऊन मारा सुरू केला. दारूच्या कोठारापर्यंत आग पोहोचून मोठा स्फोट झाला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चारही किल्ले पडले. बाणकोट इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. मग पावसाळ्याची चाहूल लागली आणि जेम्स मुंबईस परतला. त्या वर्षी तरी विजयदुर्ग वाचला. रामाजीपंतांनी मात्र काम चालू ठेवले. अंजनवेल, गोवळकोट, जयगड, रत्नागिरी अशी तुळाजीची ठाणी एकेक करून गळाली.

त्याच पावसाळ्यानंतर मुंबईत एक योगायोग घडला. युरोपातल्या युद्धनीतीच्या हिशेबाने अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन याचे राजाचे आरमार आणि कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह याची फौज मुंबईत जमली होती. दख्खनमध्ये निजामाजवळ बसलेल्या फ्रेंच बुसीवर मराठ्यांच्या मदतीने चाल करावी, असा बेत होता. पण मद्रासेत इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता समझोता झाला आणि तो बेत रहित झाला. एवढे मोठे बळ रिकामे बसले होते. ते विजयदुर्गकडे वळवण्यात आले. निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांची बैठक भरली, ती मुख्यतः लुटीच्या वाटपासाठी. क्लाइव्हला किती हिस्सा, यावरून कुरबूर झाली. वॉटसनने आपल्या हिश्श्यातून त्याची भरपाई करण्याची तयारी दाखवली. मराठ्यांना किती, या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत ठरले: काही नाही.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार निघाले. वॉटसनचे केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी अशी मोठी जहाजे, कंपनीची जहाजे, सुमारे ८०० युरोपीय सैनिक आणि १००० देशी शिपाई. तुळाजीने आजवर अनेक इंग्रज पाहिले होते, पण ते मुख्यतः कंपनीचे व्यापारी इंग्रज. सत्तर तोफांचे राजाचे लढाऊ जहाज त्या किनाऱ्यावर त्याच्याविरुद्ध प्रथमच उभे राहत होते. त्याला परिस्थिती कळली. मराठ्यांची फौज खंडोजी माणकरांच्या हाताखाली किल्ल्याजवळ येऊन थांबली होती. तुळाजी किल्ला मेव्हण्याच्या हवाली करून स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेला. इंग्रजांपेक्षा आपल्या माणसांच्या हाती किल्ला दिलेला बरा, असा त्याचा विचार असावा. छावणीत त्याला अडकवून ठेवण्यात आले. तो विजयदुर्गात पुन्हा कधी गेला नाही.

वॉटसनलाही हे समजले. किल्ला बोलण्यांतून मराठ्यांना मिळाला तर लूट मिळणार नाही, हे उघड होते. १२ तारखेच्या दुपारी त्याने जहाजे दोन रांगांत आत घातली. पलीकडे, नदीच्या अंगाला, आंग्र्यांचे सारे आरमार एकमेकांना बांधून उभे होते: आठ-दहा गुराबा, साठेक गलबते आणि त्यांच्या मध्ये सात वर्षांपूर्वी धरलेले रिस्टोरेशन. किल्ल्याच्या आडोशाला ती सुरक्षित वाटली असतील. दुपारी चारच्या सुमारास उखळी तोफेचा एक गोळा रिस्टोरेशनवर पडला आणि ते पेटले. त्याच्या आगीने शेजारचे जहाज पेटले, त्याने पुढचे. वाऱ्याने ज्वाळा किनाऱ्यावर बांधणीस लावलेल्या नव्या जहाजांपर्यंत नेल्या. अंधार पडेपर्यंत अर्ध्या शतकाचे आरमार पाण्याच्या पातळीपर्यंत जळून गेले. इंग्रजांनी धरलेले म्हणून नव्हे, त्यांच्याकडून धरून आणलेले जहाज या नाशाची ठिणगी ठरले.

त्याच रात्री क्लाइव्ह किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठी फौज यांच्यामध्ये जाऊन बसला. हे पाऊल तुळाजीविरुद्ध नव्हते. दोस्तांना किल्ल्यात शिरू न देण्यासाठी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा झाला आणि १३ तारखेच्या संध्याकाळी किल्ल्याने शरणागतीचे निशाण दाखवले. इंग्रजांकडील मेलेले आणि जखमी मिळून वीस-एक. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो जहाजांवरच्या लोकांनी आणि सैन्याने आपापसांत वाटून घेतला. तुळाजीची आई, बायका आणि मुले किल्ल्यातच होती. वॉटसनच्या ताफ्यातला शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्हज याने या मोहिमेची हकिकत लिहिली आहे. त्यात वॉटसन त्या स्त्रियांच्या भेटीस गेल्याचा, त्यांनी आक्रोश केल्याचा आणि त्या दुःखाने त्या कसलेल्या दर्यावर्दीचेही मन हलल्याचा प्रसंग येतो. त्याने त्यांना अभय दिले. मात्र तुळाजीला आपल्या ताब्यात द्यावे, ही इंग्रजांची मागणी मराठ्यांनी मानली नाही.

करारानुसार किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. इंग्रजांनी तो दिला नाही. नानासाहेब त्या वेळी कर्नाटकाच्या स्वारीत होते. पत्रांवर पत्रे गेली, तक्रारी झाल्या. आठ महिन्यांनी, १२ ऑक्टोबर १७५६ रोजी, पुण्यात नवा तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना, बाणकोट आणि आणखी गावे इंग्रजांना कायमची, आणि मराठी मुलखात डचांना व्यापाराची बंदी. तुळाजीला समुद्राजवळ पुन्हा कोठेही जागा मिळू नये, याचीही इंग्रजांनी हमी घेतली. वॉटसन आणि क्लाइव्ह तोवर पूर्व किनाऱ्यावर पोहोचले होते. पुढच्या वर्षी २३ जूनला प्लासी झाली. बंगालवर चालून गेलेले आरमार आणि सेनापती तेच होते, ज्यांना पुण्याने आपल्या घरातले भांडण मिटवण्यास बोलावले होते.

नानासाहेबांनी मराठी आरमार बुडवले, हा आरोप महाराष्ट्रात वारंवार होतो. त्यात तथ्य आहे आणि त्याची धार थोडी बोथट करावी असेही काही आहे. नानासाहेबांना जहाजे जाळायची नव्हती. वाटून घ्यायची होती. उद्दाम सरदाराला वठणीवर आणणे हे त्या काळच्या राजकारणात नेहमीचे काम होते आणि तुळाजीने त्यासाठी पुरेशी कारणे दिली होती. परक्याची मदत घेण्याचा पायंडाही नवा नव्हता. मानाजीने ती घेतली होती, संभाजीने मागितली होती. चुकले ते इंग्रजांना ओळखण्यात. सिद्दी, पोर्तुगीज, डच यांच्यासारखेच हे एक, आज कामास लावू, उद्या दूर करू, असा तो अंदाज होता. पंचवीस वर्षांपूर्वी तो कदाचित खराही ठरला असता.

पेशव्यांनी पुढे विजयदुर्गास स्वतःचा आरमारी सुभा केला. आनंदराव धुळप यांनी तो नावारूपास आणला. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे रेंजर हे जहाजही धरले. तरी दस्तकाचा धाक परत आला नाही. गिर्येच्या गोदीत जहाजे दुरुस्त होत राहिली, पण किनाऱ्याने जाणारा इंग्रज व्यापारी आता परवाना विचारीत नसे. १८१८ मध्ये विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला. कुलाब्याची शाखा त्यानंतरही वीस वर्षे तग धरून होती. १८२२च्या तहाने तिने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. दुसरे रघूजी आंग्रे १८३८च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाचे नाव मोठ्या आशेने कान्होजी ठेवण्यात आले. तो १८४०च्या मार्चमध्ये गेला. दत्तक घेण्याची परवानगी कंपनीने नाकारली. डलहौसी हिंदुस्थानात येण्यास तेव्हा आठ वर्षे अवकाश होता.

तुळाजीने हे काही पाहिले नाही, पण त्यातले बरेच त्याला ऐकू आले असेल. पेशव्यांनी त्याला मारले नाही. किल्ल्याकिल्ल्यांतून फिरवत कैदेत ठेवले. सोलापूर, साताऱ्याजवळचा वंदन, अशी ही ठिकाणे. सगळी कोरड्या मुलखातली. कोठूनही समुद्र दिसत नाही. त्याच्या कैदेत पानिपत झाले, नानासाहेब खचून गेले, माधवराव आले आणि गेले, नारायणरावांचा खून झाला, बारभाईंचे कारस्थान झाले. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांना पुन्हा घरात बोलावले. ती चाल तुळाजीच्या ओळखीची होती. राज्यकर्ते बदलले, तरी त्याची सुटका करावी असे कोणालाही वाटले नाही. सुमारे तीस वर्षांच्या बंदिवासानंतर १७८६च्या सुमारास वंदनवर त्याचा अंत झाला.

सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स त्याच्या आधीच, १७८३ मध्ये, इंग्लंडमध्ये वारला होता. श्रीमंत, सर ही पदवी मिळवून, कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष म्हणून नाव करून. त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये एक तिकोनी बुरूज बांधला. त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. इंग्रजी जिभेवर त्याचे सेव्हर्नड्रुग झाले. तुळाजी तेव्हा जिवंत होता. तो बुरूज आजही उभा आहे आणि लोक तेथून लंडन पाहायला जातात. मुंबईतला नौदलाचा तळ १९५१ पासून कान्होजींच्या घराण्याचे नाव मिरवतो आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हे तिन्ही जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. विजयदुर्ग पाहायला जाणाऱ्याने किल्ल्याबरोबर वाटेतल्या गिर्येच्या गोदीशीही थांबावे. ओहोटी असली तर खडकात खोदलेल्या कडा उघड्या पडतात आणि आत चिखलात खेकड्यांची ये-जा चाललेली असते.